माळावरची पाच क्षितिजे

फस्स... खद् खद्... आणि मग बराच वेळ नुसतीच बारीक कुजबुज.

तीर्थस्वरूप अक्का, नमस्काराच्या आधी आवाज लिहिला म्हणून रागावू नकोस. आपण लहान असताना अण्णा घराला चुना द्यायला काढायचे, पत्र्याच्या पिंपात कळीच्या चुन्याचे खडे टाकून वर पाणी ओतायचे, आणि तू माझी चड्डी मागून धरून ठेवायचीस (पुढे जाऊ नये म्हणून; पण ती चड्डी नाडीची होती हे तुझ्या कधी लक्षात आलं नाही), तेव्हाचा हा आवाज. एवढ्या वर्षांनी तो मी परवा ऐकला, तोही आमच्या पुढच्या खोलीत, चहाच्या बशीत. ऐकला आणि डोळे भरून आले. तुझी भावजय म्हणाली, बशी मोडीत काढा आता. तर ते असो.

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांनी या कामातून अंग काढून घेतलं आहे, तेव्हा जेवढी अंगं उरली तेवढ्यांचा समजावा. तुझी प्रकृती कशी आहे? भावोजींचा खोकला, गच्चीतल्या कुंड्या, शेजारणीशी असलेला अबोला, सगळं ठीक चालू आहे ना? (अबोला मोडला असेल तर वेळेवर कळव, नाहीतर मी आलो की त्या बाईंना पाहून उगाच तोंड फिरवतो.) हे सगळं फोनवर विचारता आलं असतं असं तू म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि जे सांगायचं आहे ते वळणावळणाने सांगितल्याशिवाय माझ्या बाजूचं वाटणार नाही.

तुझ्या चिरंजिवांची बदली इथल्या माती-पाहणी कचेरीत झाली तेव्हा मी कोण आनंदलो होतो. भाचा घरात राहणार, संध्याकाळी दोघे गच्चीत बसू, मी शाळेतल्या कविता म्हणीन, तो हुंकार देईल, असं चित्र रंगवलं होतं. प्रत्यक्षात कचेरीला रंग द्यायला काढला आणि आख्खी प्रयोगशाळा आमच्या पुढच्या खोलीत आली. आता सोफ्यावर माती वाळत असते. टेबलावर माती, टीव्हीवर माती, माझ्या आरामखुर्चीत ताटात पसरलेली माती आणि त्यावर चिठ्ठी, 'हलवू नये'. पाहुणे आले की त्यांना आम्ही दारातच विचारतो, उभं राहायला चालेल ना? एक दिवस त्याची मातीची चाळण आणि तुझ्या भावजयीची पिठाची चाळण यांची अदलाबदल झाली. त्या दिवशी जेवताना दातांखाली जे आलं त्याला तो शांतपणे 'बारीक वाळू' म्हणाला आणि खात राहिला. तुझी भावजय अजून त्या दोन चाळण्यांवर नजर ठेवून आहे.

तो आवाजही त्याचाच. त्याच्याकडे एक ड्रॉपरची बाटली असते, तीत सौम्य आम्ल. मातीवर थेंब टाकायचा. माती फसफसली की समजायचं, हिच्यात चुना आहे. जितकी जोरात फसफस तितका चुना जास्त. एवढंच शास्त्र आहे, पण हाती बाटली आली की माणसाला राहवत नाही बघ. त्याने मातीवर टाकला, मग भिंतीच्या पोपड्यावर टाकला, मग अंड्याच्या टरफलावर, मग खिडकीतल्या शिंपल्यावर. सगळं फसफसलं. मी माझ्या जपून ठेवलेल्या पेटीतला खडू पुढे केला. (आपल्या शाळेतल्या खडूची आठवण म्हणून ठेवलाय.) तो ढिम्म. चिरंजीव म्हणाले, "मामा, हा चुन्याचा नाही, जिप्समचा आहे." म्हणजे ज्याच्या धुळीत आपलं बालपण गेलं तो खडूसुद्धा वेगळ्याच घराण्यातला निघाला. ही बातमी हळुवारपणे सांगता आली असती. पण तुझा मुलगा भावोजींवर गेलाय, खरं बोलतो आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही.

आता मुद्द्यावर येतो. गावाच्या उत्तरेला एक माळ आहे. रोज सकाळी मी तिथे फिरायला जातो. खुरटं गवत, काटेरी झुडपं, आणि वारा इतका की टोपी आणि विचार दोन्ही धरून ठेवावे लागतात. या माळावर एका चुन्याच्या भट्टीवाल्याचा डोळा आहे. त्याने अर्ज केला की ही जमीन ओसाड आहे, मला द्या. ती द्यायची की कुरण म्हणून ठेवायची हे ठरवायला एक समिती नेमली, आणि समितीने तुझ्या मुलाला सांगितलं, ही माती कोणत्या जातीची ते तपासून लिहून द्या. या निर्णयावर सगळ्यांत जास्त अवलंबून आहे ती आमच्या मागच्या गल्लीतली मेंढीवाली. तिचा सगळा कळप त्या माळावर चरतो. माळ गेला तर कळप विकणार, असं तिने मला स्पष्ट सांगितलं. दुसरं कुरण नदीपलीकडे आहे आणि तिकडच्या लोकांची कुत्री तिच्याहून भांडखोर आहेत. (बाई साधीभोळी वगैरे नाही. तिच्या मेंढ्यांनी माझा धुवायला टाकलेला मफलर खाल्ला तेव्हा तिने मलाच विचारलं, लोकरीचा होता का? म्हणजे मेंढीनेच मेंढीची वस्तू परत घेतली असा सूर.) पण कळप विकणार म्हणताना तिचा आवाज जरा खाली गेला होता. तेवढं मला पुरलं.

माती तपासायची म्हणजे खड्डा खणायचा. माळाच्या मधोमध माणूस गळ्यापर्यंत बुडेल असा चौकोनी खड्डा खणला, त्याची एक बाजू सुरीने तासून केक कापल्यासारखी गुळगुळीत केली, वरून मोजपट्टी सोडली. उद्या फोटो काढू म्हणून चिरंजीव घरी आले. मला वाटलं, आपण आज पाहून यावं. पृथ्वीच्या पोटात उभं राहून एक कविता म्हणावी, एवढाच साधा हेतू. उतरलो सहज. कविता म्हटली, सबंध, कडव्यांसकट. वर यायच्या वेळी लक्षात आलं की उतरण्यासाठी पुरतात ते गुडघे चढण्यासाठी पुरत नाहीत. मग मी त्या तासलेल्या भिंतीला पाठ लावून जोर करून पाहिला. एकदा पाहिला, दोनदा पाहिला. थोड्या वेळाने वर चारी बाजूंनी मेंढ्या जमल्या आणि खाली पाहू लागल्या. त्या नजरेत दया नव्हती. मागोमाग मेंढीवाली आली आणि म्हणाली, "काका, काय हरवलं?" मी म्हणालो, रस्ता. ती म्हणाली, "तो वर आहे," आणि कळप घेऊन निघून गेली. (जाता जाता आमच्या घरी निरोप टाकला हे खरं. पण निरोप असा होता की काका खड्ड्यात बरे आहेत.)

भाच्याने आणि जीपच्या ड्रायव्हरने मला दोन्ही बगलांत धरून उपसलं. मला वाटलं, लागलं का म्हणून विचारतील. चिरंजीव माझ्या पाठीकडे पाहत राहिले. त्या तासलेल्या भिंतीचं मी पार वाटोळं केलं होतं. पण कोटाच्या पाठीवर ती सगळी जशीच्या तशी उतरली होती. कॉलरपाशी तपकिरी, खाली फिकट तपकिरी, कमरेच्या वर पांढराशुभ्र पट्टा, मग पांढरे ठिपके, आणि शेवटाला पिवळट दगडाचा भुगा. त्याने मला तिथेच उन्हात उभं केलं, रंगांची पुस्तिका पाठीला लावली आणि नोंदी घेतल्या. त्या पुस्तिकेत रंगांना आकडे असतात. एवढ्या वर्षांत माझ्या पाठीची इतकी बारकाईने चौकशी कोणी केली नव्हती. कोट अजून धुवायला टाकू देत नाही. खुंटीला लावून त्यावरही चिठ्ठी आहे.

पांढरा पट्टा कसा होतो हे त्याने मला वाटेत समजावलं, ते मला फार आवडलं. इकडे पाऊस तुटपुंजा. पडतो तेव्हा वरच्या मातीतला चुना विरघळवून सोबत खाली न्यायला निघतो. पण थोडं खाली गेलं की पाण्याचाच दम संपतो, आणि ते चुन्याला तिथेच सोडून सुकून जातं. हजारो वर्षं असं अर्ध्या वाटेवर सोडलेलं सगळं मिळून तो पट्टा. मी म्हणालो, ही तर कविता आहे. तो म्हणाला, हे कार्बोनेट आहे. आमचं संभाषण साधारण इथेच थांबतं.

मग मातीची जात ठरली. अक्का, माणसांनी जाती सोडाव्यात म्हणून लोक एवढे झिजले, त्या सगळ्या जाती मातीच्या खात्यात जाऊन बसल्या आहेत. गण, उपगण, महागट, उपगट, कुटुंब. आपल्या माळाचं नाव निघालं टिपिक हॅप्लोकॅल्सिड. मला वाटलं तो पित्ताची गोळी मागतोय. मी औषधांचा डबा घेऊन गेलो. ज्या माळावर मी रोज सकाळी अनवाणी चालतो, त्याला असलं नाव ठेवणाऱ्यांनी त्यावर एकदा तरी पाऊल टाकलं असेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाव बरोबर आहे. बरोबर असेलही. आपल्या मामांचं कागदोपत्री नावही बरोबरच होतं, म्हणून कोणी त्यांना त्या नावाने हाक मारली का?

अहवाल झाला भलताच जाड. त्यात सगळं होतं: माती क्षारी आहे, सेंद्रिय अंश कमी आहे, गवताची मुळं वरच्या वीतभर मातीतच जगतात, वरची माती खरवडली तर पुन्हा गवत यायला पिढ्या जातील, सबब ही जमीन कुरण म्हणूनच राखावी. हे शेवटचं वाक्य त्रेचाळिसाव्या पानावर होतं. समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात, ते पहिल्या पानाच्या पलीकडे जात नाहीत हे कचेरीच्या शिपायालाही ठाऊक आहे. म्हणून सोप्या मराठीत एक पानाचा सारांश हवा होता. चिरंजीव इंग्रजी शब्दांत अडकलेले. आणि घरात बसलेला मी, शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासलेला माणूस. (तू मला 'अनुस्वार' म्हणायचीस ते उगीच नव्हे.) मी म्हणालो, आण इकडे.

त्याच्या कच्च्या सारांशात जागोजागी एक शब्द होता, होरायझन. मातीत पाच होरायझन आढळले, तिसरा होरायझन पांढरा, वगैरे. मी जेवताना विचारलं, होरायझन म्हणजे रे काय? तो तोंडात घास असताना म्हणाला, "म्हणजे थर." मला ऐकू आलं, "म्हणजे तर". मी पुढच्या वाक्याची वाट पाहत बसलो. तो हात धुवायला निघून गेला. तर... तर काय? आता तूच सांग, 'तर'वर वाक्य सोडून उठून जाणारी ही कसली पिढी? मग मी आपला जुना शब्दकोश काढला. त्यात स्वच्छ छापलं होतं: क्षितिज. (त्या कोशाची तिसरी आवृत्ती मीच तपासली होती. छपाईची चूक असणं शक्य नाही.) आणि काय सांगू, सगळा सारांश एकदम उजळला. 'या माळावर पाच क्षितिजे आढळली. पहिले क्षितिज तपकिरी असून गवताने विणलेले आहे. तिसरे क्षितिज शुभ्र आहे. पाचव्या क्षितिजापलीकडे खडक आहे.' मला वाटलं, अखेर हा मुलगा मार्गाला लागला. मी नुसते अनुस्वार पाहिले आणि वर चार ओळी स्वतःच्या घातल्या:

वर गवताची शाल,
आत चुन्याचे काळीज,
मेंढ्या चरती निवांत,
खाली पांढरे क्षितिज.

चिरंजिवांनी न वाचता सही केली. का, तर मामा भाषा बघतात.

बैठकीला मी मागच्या बाकावर होतो. मोठ्या साहेबांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, इतर गावांना एकेक क्षितिज असतं, आपल्याकडे पाच आहेत आणि ही गोष्ट माझ्यापर्यंत आजवर का आली नाही? एका सदस्यांनी, लहानपणी आपण तीन पाहिली होती असं आठवून सांगितलं. दुसऱ्या म्हणाल्या, चौथं आमच्या गच्चीतून दिसतं, फक्त मधे टाकी येते. भट्टीवाला उभा राहिला आणि म्हणाला, साहेब, हे क्षितिज वगैरे राहू द्या, खाली चुना किती आहे ते विचारा. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने पिकदाणी समजून फुलदाणी वापरली. म्हणाले, सगळ्या गोष्टी भाजून विकायच्या नसतात. तुझा मुलगा तीनदा उठला. तिन्ही वेळा त्याला सांगण्यात आलं, तांत्रिक बाबी नंतर. भट्टीवाल्याचा अर्ज बाजूला पडला, माळ राखून ठेवायचं तोंडी ठरलं, दोन बाक आणि एक पाटी मंजूर झाली. सही तेवढी पुढच्या आठवड्यात. खऱ्या अहवालाने जे त्रेचाळिसाव्या पानावर मागितलं होतं तेच सगळं मिळालं. म्हणजे खरं काम चुकीच्या शब्दाने केलं, आणि बरोबर शब्द अजून त्रेचाळिसाव्या पानावर वाट पाहत बसलेत.

मी घरी आलो तो तरंगतच. चिरंजीव आले ते सरळ जमिनीवर. "मामा, मी खोटं लिहिलेलं नाही आणि तुम्ही खरं लिहिलेलं नाही," म्हणाला, "शुद्धिपत्रक द्यावं लागेल." अक्का, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांची शुद्धिपत्रकं छापली. 'क्षितिज' ऐवजी 'थर' वाचावे. एवढीच ओळ. पण ती ओळ गेली की काय होणार ते बघ: साहेबांना कळणार की तिसरं क्षितिज म्हणजे पांढऱ्या चुन्याचा थर आहे, तोही हातभर खोलीवरच. त्यांना आपण मूर्ख दिसलो हे सहन होणार नाही, आणि रागाच्या भरात ते माळ भट्टीवाल्याच्या झोळीत टाकणार. मी हे समजावलं. तो म्हणाला, त्रेचाळिसावं पान आहे ना. या वयात इतका भाबडा मुलगा मी पाहिला नाही. तुझी भावजय त्याच्या बाजूची. मला म्हणते, एक शब्द नीट लिहायला सांगितला होता, तोही आभाळाला नेऊन लावलात. मेंढीवाली मात्र काल दारात येऊन विचारून गेली, "काका, पाचवं क्षितिज मेंढ्यांनी खाल्लं तर दंड आहे का?" मी म्हणालो, नाही. तर म्हणाली, मग असू दे. दोन दिवस तुझा मुलगा माझ्याशी बोलत नाही. आरामखुर्चीतली माती तेवढी उचलली; आता चिठ्ठीशिवाय खुर्ची नुसतीच रिकामी दिसते, आणि तिच्यात बसवत नाही.

असो. तुम्हा सर्वांची खुशाली कळवावी. मुलगा तुझा गुणी आहे, यात शंका नाही, एवढंच लिहून थांबतो.

तुझा धाकटा,
अनुस्वार

ता. क. वर तुझ्या प्रकृतीची चौकशी केली ती रीत म्हणून. आता खरं विचारतो. पुढच्या आठवड्यात तुला जरा बरं नसेल का? फार काही नको. छातीबिती नको, भावोजी घाबरतील. कंबर चांगली, कंबर कोणाला तपासता येत नाही. तू नुसता निरोप पाठव, मुलगा पहिल्या गाडीने तुझ्याकडे येईल. त्याला सही होईपर्यंत ठेवून घे. शुद्धिपत्रक मग खुशाल देऊ दे. सही झालेल्या कागदाला शुद्धिपत्रक जोडलं तर ते कोणी वाचत नाही, हा माझ्या धंद्यातला अनुभव आहे.

ता. क. २. हे तू त्याला दाखवणार नाहीस अशी खात्री आहे. दाखवलंस तरी हरकत नाही. पत्र लिहिताना तो मागे येऊन उभा राहिला होता आणि त्याने वरची दोन पानं वाचली. म्हणाला, 'क्षारी'वर काना जास्त पडलाय. पडलेला नाही. पण बोलला, दोन दिवसांनी.

ता. क. ३. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात दार वाजलं. मोठे साहेब. स्वतः. गळ्यात दुर्बीण, बगलेत घडीची खुर्ची, मागे सौभाग्यवती, त्यांच्या हातात थर्मास. दोघांना बसायला जागा नव्हती म्हणून दारातच उभे आहेत. विचारताहेत, तिसरं क्षितिज सकाळी चांगलं दिसतं की संध्याकाळी? मी तोंड उघडायच्या आत तुझा मुलगा पुढे झाला. हातात शुद्धिपत्रक. मी डोळे मिटले. तो म्हणाला, "साहेब, ते वरून दिसत नाही. त्यासाठी खाली उतरावं लागतं. माझ्याबरोबर चला, तिथे उभं राहून सगळं सांगतो, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत. वाचायला काही नाही." साहेबांनी शुद्धिपत्रकाकडे पाहिलं, वाचायला काही नाही हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी छापखान्यात मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांवर पाहिला आहे, आणि ते पायरीवर बसून बूट सोडताहेत. जीपवाला शिडी शोधतोय. हे पत्र हाती पडलं की लगेच अंथरूण धरू नकोस. आधी माझ्या फोनची वाट पाहा.